मजकूर नंतर, काठ आधी : समोर आलेला कागद, बातमी, मेसेज कसा वाचायचा

व्हिडिओ खोटा असू शकतो हे आता शेंबड्या पोरालाही माहितीय. फोटो दिसला की लोक म्हणतात एडिट केलेला असेल. पण लिहिलेलं समोर आलं की मान आपोआप डोलते, "छापून आलंय ना भो", "लेखी दाखवतोय ना तो", की झालं, विषय संपला. आणि लिहिलेलं म्हणजे काय फक्त पेपर आणि पुस्तकच थोडीय? सकाळपासून बघा, केळी भावाचा मेसेज, बँकेचा एसएमएस, चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स, कापूस बियाण्याच्या पाकिटावरचं लेबल, ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची नोटीस, शिक्षकांच्या ग्रुपवर पडलेला जीआर, निवडणुकीत दाराखालून सरकवलेलं पत्रक. हा सगळा मजकूरच आहे, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी बसून ठरवलेलं असतं की काय लिहायचं, काय मोठं करायचं आणि काय गाळायचं.

मी काही वर्षं जिल्ह्याच्या पेपरात डेस्कवर काढली, म्हणजे वार्ताहरांच्या कॉपी तपासायच्या, हेडिंगं द्यायची, रात्री पान लावायचं. ठरवणारा माणूस कसा ठरवतो हे तिथे आतून बघायला मिळालं आणि खालची पद्धत तिथूनच आलीय. साडी घ्यायला गेलेली बाई आधी काठ-पदर उलटून बघते आणि मग अंगावरची नक्षी, तसंच करायचं. मजकूर काय म्हणतो ते नंतर, आधी त्याच्या कडेला काय लिहिलंय ते वाचायचं.

१. हा कागद कोणत्या जातीचा, ते आधी ठरवा

बातमी, जाहिरात, मत, प्रेसनोट, सरकारी आदेश, कायदेशीर नोटीस, आणि कोणाचाच नसलेला मेसेज. या प्रत्येकाला वेगळे प्रश्न विचारायचे असतात. अग्रलेखाला "यात दोन्ही बाजू का नाहीत" असं विचारून उपयोग नाही, ते मतच आहे. उलट बातमीत एकच बाजू असेल तर तो प्रश्न विचारायलाच पाहिजे.

सगळ्यात जास्त फसगत होते ती बातमीसारख्या दिसणाऱ्या जाहिरातीत. हॉस्पिटलचं उद्घाटन, क्लासेसची यशाची परंपरा, प्लॉटिंगची स्कीम, अर्धं पान, वर हेडिंग, खाली कॉलम, मधे फोटो, सगळं बातमीसारखं. मग ओळखायचं कसं? कोपऱ्यात बारीक अक्षरात "जाहिरात", "प्रायोजित" किंवा "मीडिया इनिशिएटिव्ह" असं काहीतरी असतं, बातमीदाराचं नाव नसतं, अक्षराचं वळण शेजारच्या बातमीपेक्षा किंचित वेगळं असतं, आणि अख्ख्या मजकुरात एकही अडचण नसते. खऱ्या बातमीत कुठेतरी "मात्र" येतोच.

प्रेसनोट ओळखायची युक्ती त्याहून सोपी. एकाच दिवसाचे दोन पेपर शेजारी ठेवा, दोन्हीकडे तेच वाक्य शब्दाला शब्द सापडलं तर ते वार्ताहराने लिहिलेलं नाही, कार्यक्रम घेणाऱ्यानेच लिहून पाठवलंय आणि दोन्ही डेस्कनी तसंच लावलंय. त्यात खोटं असेलच असं नाही, पण कार्यक्रमाला खुर्च्या रिकाम्या होत्या हे त्यात कधी येणार नाही एवढं नक्की.

२. काठ वाचा

आता मुख्य काम. जीआरपासून सुरू करू, कारण खोट्या जीआरने गावोगाव जेवढी धावपळ होते तेवढी दुसऱ्या कशाने होत नसेल. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयाचा एक ठरलेला साचा असतो. वर विषय, मग "महाराष्ट्र शासन", विभागाचं नाव, शासन निर्णय क्रमांक, मंत्रालयाचा पत्ता आणि दिनांक. त्याखाली "वाचा" किंवा "संदर्भ" म्हणून आधीच्या निर्णयांची यादी. मग "प्रस्तावना", मग "शासन निर्णय". शेवटी एक परिच्छेद असतो की हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे आणि त्याचा संकेतांक अमुक आहे, डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केलाय, आणि "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने". खाली सही करणारा अधिकारी, त्याचं पद आणि "प्रत" कोणाकोणाला.

लोक प्रस्तावना वाचतात. तुम्ही संकेतांकापाशी जा. त्या लांबलचक आकड्याची सुरुवातच वर्ष, महिना, दिवस अशी असते, तर आधी तो वरच्या दिनांकाशी जुळवा. एखाद-दोन दिवसांचा फरक समजू शकतो, पण वर चालू महिना आणि आकड्यात तीन वर्षांपूर्वीचं साल असेल तर कोणीतरी जुन्या कागदावर नवी तारीख चिकटवलीय. मग जीआर डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन वर जाऊन तोच आकडा टाका, कागद निघाला तर खरा. निघाला तरी लगेच उठू नका, त्याच विषयावर नंतर "शुद्धिपत्रक" निघालंय का तेही बघा, कारण ग्रुपवर मूळ निर्णय फिरतो आणि दुरुस्ती कोणी फिरवत नाही. आणि कागदावर "मसुदा" किंवा "प्रस्ताव" असं कुठे असेल तर तो अजून निर्णय नाहीच, कितीही शिक्के असू द्या.

पेपरचा काठ म्हणजे शेवटच्या पानाच्या तळाची ती कंटाळवाणी ओळ, मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी तमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले, संपादक अमुक, आणि पुढे बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कोणाची ते. १८६७ च्या कायद्यापासून ही ओळ छापावी लागत आलीय, आता त्या जागी २०२३ चा नवा कायदा आलाय जो १ मार्च २०२४ पासून लागू झाला. ही ओळ असली म्हणून बातमी खरी ठरत नाही, पण ती नसली तर तक्रार कोणाकडे करणार? "न्यूज" नाव लावलेल्या कितीतरी मोबाईल चॅनेलांवर ना पत्ता ना संपादकाचं नाव, फक्त जाहिरातीसाठी एक नंबर.

निवडणुकीच्या पत्रकाचंही तसंच. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७ क, पत्रकावर किंवा पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं-पत्ते पाहिजेतच, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मतदानाच्या आदल्या रात्री येणारी, "एक जागरूक मतदार" अशी सही असलेली पत्रकं पुन्हा कधी हातात पडली तर तळ बघा. नाव नसतं. तिथेच वाचन थांबवलं तरी चालतं.

एसएमएसचा काठ म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव. २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी डॅश आणि एक इंग्रजी अक्षर येतं, पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार आणि जी म्हणजे सरकारी. "तुमचं खातं आज रात्री बंद होईल" हे साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून आलं असेल तर पुढची ओळ वाचायचीच नाही. वेबसाइटचा पत्ता मात्र उजवीकडून वाचायला शिका, शेवटी "डॉट गव्ह डॉट इन" असेल तर सरकारी, पण "गव्ह" शब्द मधे कुठेतरी आणि शेवटी "डॉट कॉम" किंवा "डॉट एक्सवायझेड" असेल तर कोणा खाजगी माणसाने घेतलेला पत्ता आहे. बँकांनाही आता रिझर्व्ह बँकेने "डॉट बँक डॉट इन" वर यायला लावलंय. आणि चलन, पीएम किसान किंवा लग्नपत्रिका या नावाने "एपीके" फाइल आली तर ती मजकूर नाहीच, ते अ‍ॅप आहे, हात लावू नका, लावलाच असेल तर इंटरनेट बंद करून सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा.

३. सांगणारा जवळ होता की लांब

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे ते बऱ्याच जणांना माहिती असतं, आत मात्र फार कमी जण जातात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यातच गेले, ३१ डिसेंबर १९२६ ला, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने मंडळ उभं राहिलं. या माणसाने जन्मभर गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून जुनी पत्रं, दफ्तरं गोळा केली आणि १८९८ पासून छापायला सुरुवात केली. त्यांचा हट्ट एकच होता, घटना घडली त्या दिवसांत, त्या जागेवरून लिहिलेलं साधं पत्र हे नंतर कित्येक वर्षांनी रंगवून लिहिलेल्या बखरीपेक्षा जास्त मोलाचं. बखर वाचायला गोड लागते, सलग गोष्ट असते, संवाद असतात. पत्रात काय, "तोफा पोचल्या नाहीत, दाणावैरण संपली" असलंच काहीतरी कोरडं. पण लिहिणारा तिथे होता.

हेच आजच्या मेसेजला लावा. सांगणारा तिथे होता का? त्याने स्वतः पाहिलं की "एका मित्राच्या साडूने" पाहिलं? घडल्यावर किती वेळाने लिहिलं? आणि मजकूर बखरीसारखा फारच सलग, फारच रंगतदार असेल तर उलट सावध व्हा. गिरणेला पूर आला तेव्हा पुलावर उभ्या माणसाने लिहिलेला मेसेज अर्धवट असतो, चुकीच्या शुद्धलेखनाचा असतो, "पाणी पुलाला लागलं, मेहुणबारेकडून येऊ नका" एवढाच. आणि दोन तासांनी येतो तो दुसरा, ज्यात सुरुवात, शेवट आणि कारस्थान सगळं असतं.

याच खणातली दुसरी गोष्ट म्हणजे सही कोणाची. आपल्या खान्देशात बहिणाबाईंच्या नावाने रोज काहीतरी फिरत असतं. बहिणाबाई चौधरी असोद्याच्या, जन्म १८८०, स्वतः लिहायला शिकलेल्या नव्हत्या, शेतात-जात्यावर म्हणत गेल्या आणि मुलाने, सोपानदेवांनी आणि नातेवाइकांनी ते टिपून ठेवलं. १९५१ ला त्या गेल्या, आणि संग्रह निघाला १९५२ ला. त्यांची बोली आपल्या इकडची, तावडी-लेवा वळणाची. त्यामुळे खाली "बहिणाबाई" आणि वर पुस्तकी मराठीत "जीवनाच्या वाटेवर सकारात्मक विचार ठेवा" असली कविता असेल तर ती त्यांची कशी असेल? तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई वेगळ्या, जवळपास अडीचशे वर्षं आधीच्या, त्यांचे अभंगसुद्धा लोक बिनदिक्कत असोद्याच्या नावावर टाकतात. तपासायची रीत सोपी, संग्रहाची अनुक्रमणिका काढा आणि शोधा. तिथे नसेल तर नाव काढून फॉरवर्ड करा, कविता चांगली असेल तर ती बिननावाचीही चांगलीच वाटेल. पु.लं.च्या नावावर खपवलेल्या विनोदांबद्दल तर मी बोलणंच सोडलंय.

४. हेडिंग ज्याने दिलं त्याने बातमी लिहिलेली नसते

हे बाहेरच्या लोकांना सांगितलं की खरं वाटत नाही. चोपड्याचा वार्ताहर बातमी पाठवतो, जळगावला डेस्कवरचा माणूस ती कापतो, आणि हेडिंग त्याच्या हातचं असतं. त्याच्याकडे जागा किती, तर दोन कॉलम, दोन ओळी, ओळीला मोजून बारा-चौदा अक्षरं. रात्रीचे साडेदहा वाजलेत, डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारे अंक, सुटायचीय, तिथे "असल्याचा आरोप" हे शब्द बसत नाहीत म्हणून गळतात, आणि सकाळी गावात आरोपी डायरेक्ट गुन्हेगार होऊन बसतो. वाईट हेतू लागतोच असं नाही, जागा कमी पडली तरी पुरतं. आम्ही मग अवतरण चिन्हात एक शब्द टाकून सुटका करून घ्यायचो, 'घोटाळा' असं. त्या दोन खुणांचा अर्थ "हे आम्ही म्हणत नाही, कोणीतरी म्हणतंय" असा असतो, पण वाचणारा त्या खुणा कुठे बघतो?

म्हणून हेडिंग वाचलं की बातमीतलं ते वाक्य शोधा ज्याच्यावर हेडिंग उभं आहे. ते कोणाच्या तोंडी आहे? पोलिसांच्या, वकिलाच्या, की "परिसरात चर्चा" या कोणाच्याच नसलेल्या तोंडी? हेडिंगच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल, "पालिकेत पुन्हा खांदेपालट?", तर समजायचं की लिहिणाऱ्यालाही माहिती नाही.

आणि बातमी शेवटून वाचायची सवय लावा. पान लावताना बातमी मोठी झाली की कात्री तळाला लागते, त्यामुळे वार्ताहराला महत्त्वाचं ते वर ठेवायला शिकवलेलं असतं, आणि दुसऱ्या बाजूचं "याबाबत विचारले असता त्यांनी आरोप फेटाळले" हे बिचारं नेमकं शेवटच्या ओळीत जगत असतं, जगलं तर.

५. आकडा दिसला की अटी शोधा

इथे थोडं थांबून बघू, कारण आपल्याकडे आकड्यांचाच मजकूर सगळ्यात महागात पडतो.

"कापसाला ८११० रुपये हमीभाव" हा मेसेज तुम्ही पाहिलाच असेल. आकडा खरा आहे, २०२५-२६ च्या हंगामाचा. पण तो लांब धाग्याच्या कापसाचा, मध्यम धाग्याला ७७१०. तोही प्रतवारीत बसणाऱ्या मालाचा, ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, ८ ते १२ मधे कपात, आणि १२ च्या वर सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या केंद्रावर गाडी परत. त्या हंगामात कपास किसान अ‍ॅपवर नोंदणीही लागत होती. आणि हमीभाव आहे म्हणून खेडा खरेदीवाला व्यापारी दारात येऊन तोच भाव देईल असं कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे मेसेजमधे एक अक्षर खोटं नाही आणि तरी तो वाचून कोणी घरात कापूस ठेवून बसला आणि शेवटी ओला, कवडी झालेला माल घेऊन केंद्रावर गेला तर त्याचं नुकसान ठरलेलं. गाळलेल्या अटींचं नुकसान.

तसंच बाजारभावाचं. कृषी पणन मंडळाच्या साइटवर एका ओळीत आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे वेगवेगळे रकाने असतात. बातमीचं हेडिंग जवळजवळ कायम जास्तीत जास्त वाल्या रकान्यातून येतं, कारण तो आकडा मोठा असतो, पण तो अख्ख्या बाजारातल्या एखाद्या ट्रॉलीलाही मिळालेला असू शकतो. तुमचा माल जातो तो सर्वसाधारण वाल्या रकान्यात. केळीचा भाव आला की विचारा, रावेरचा की बऱ्हाणपूरचा, कटाई कुठल्या दिवशीची, आणि कोणत्या प्रतीचा घड.

सोन्याचंही सांगून टाकतो. जळगावचा भाव म्हणून जो आकडा फिरतो तो ३ टक्के जीएसटी धरून की सोडून, २४ कॅरेटचा की २२, मजुरी वेगळी की आत, हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा गप्पांपुरता.

६. क्रियापदं आणि विशेषणं

मजकुराची बाजू विशेषणात दिसते असं शिकवतात, पण हुशार लिहिणारा विशेषण टाळतो आणि क्रियापदात काम करून जातो. एकाच माणसाबद्दल "सांगितलं", "दावा केला", "कबूल केलं", "सारवासारव केली" असं चार प्रकारे लिहून बघा, माणूस तोच, वाक्य तेच, पण चौथ्यात तो चोर वाटायला लागतो. कर्ता गायब असलेली वाक्यंही अशीच. "रस्त्याचं काम रखडलं." आपोआप रखडलं का? कोणी रखडवलं? "झाडं तोडण्यात आली", "निधी परत गेला". अशी वाक्यं दिसली की पेन्सिलने शेजारी "कोणी?" लिहायचं. पोरांसोबत एखाद्या रविवारी करून बघा, एका पानावर भरपूर सापडतात.

७. अक्षर मोठं कुठे आणि बारीक कुठे

बियाण्याचं पाकीट घ्या हातात. पुढच्या बाजूला पांढरीशुभ्र बोंडं, झाड दिसत नाही इतकी, आणि वाणाचं नाव लाल-पिवळ्या अक्षरात. मागे किंवा कडेला लेबल, तिथे लॉट नंबर, उगवणशक्ती, शुद्धता, चाचणीची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते, आणि उत्पादकाचा पत्ता. पुढची बाजू जाहिरात आहे, कायद्याने जबाबदारी घेतलेला मजकूर मागे आहे. लेबलचा रंगसुद्धा वाचायचा असतो, निळं म्हणजे बीज प्रमाणीकरण यंत्रणेने तपासलेलं, फिकट हिरवं म्हणजे कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर सांगतेय. आणि ज्याला आपल्याकडे चोर बीटी म्हणतात, तणनाशकाला न मरणारं, त्याला देशात लागवडीची परवानगीच नाही, त्यामुळे त्याच्या पाकिटावर कितीही सुंदर इंग्रजी असलं तरी मागे जबाबदार माणूस सापडत नाही, आणि पक्कं बिलही मिळत नाही. बिल हाही मजकूरच, तक्रार करायची वेळ आली की पुढच्या बोंडांपेक्षा तोच कामाला येतो.

शुद्धलेखनाबद्दल एक जाता जाता. पूर्वी आम्ही फसवा मेसेज मोडक्या मराठीवरून ओळखायचो, "प्रिय ग्राहक आपले खाते अवरोधित होईल" असलं काहीतरी. आता यंत्र स्वच्छ, गुळगुळीत मराठी लिहून देतं, त्यामुळे ती खूण गेली. भाषा चांगली आहे म्हणून विश्वास टाकू नका, काठच बघा.

८. फॉरवर्ड करायच्या आधी

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, भिक्षा मागत फिरणारी, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने धरली आणि पाच जणांना मारून टाकलं. त्याच्या आधी कित्येक दिवस मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज सगळीकडे फिरत होते. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली, भारतात एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मधे खूप फिरलेल्या, दोन बाणांच्या मेसेजला एका वेळी एकच चॅट केलं. म्हणजे ते दोन बाण दिसले की एवढंच कळतं की हा मेसेज खूप हातांतून आलाय आणि पहिला हात कोणाचा ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

त्या जातीचे मेसेज पुन्हा वाचून बघा. तारीख नसते, "आज" असतं. गाव नसतं, "आपल्या भागात" असतं. पोलीस स्टेशनचं नाव नसतं, "पोलिसांनी सांगितलंय" असतं. "आज" आणि "आपल्या भागात" हे शब्द वर्षभर कुठेही खरेच वाटतात, म्हणून तर तो मेसेज मरत नाही.

तपासायचं कसं ते सांगतो, पाच मिनिटांचं काम आहे. मेसेजमधलं सगळ्यात विचित्र, वेगळं असं एक वाक्य कॉपी करा, अवतरण चिन्हात टाकून गूगल करा. तेच वाक्य चार वर्षांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्याच्या नावाने निघालं तर काम झालं. पेपरचं कात्रण फोटोत असेल तर गूगल लेन्सने अक्षरं उचला आणि शोधा, आणि त्या पेपरच्या ई-पेपरवर त्या तारखेचं पान उघडा. इथे एक आतली गोष्ट, चोपड्याच्या आवृत्तीतली बातमी जळगाव शहर आवृत्तीत नसू शकते, म्हणून एका आवृत्तीत सापडली नाही म्हणजे खोटी असं लगेच म्हणू नका, तालुक्याची आवृत्ती बघा. केंद्र सरकारच्या योजनेबद्दल असेल तर पीआयबी फॅक्ट चेक, राज्याचं असेल तर माहिती विभागाचं महासंवाद, जिल्ह्याचं असेल तर जिल्हा माहिती कार्यालय किंवा जिल्ह्याची गव्ह डॉट इन वाली साइट. माणसाच्या जिवाशी खेळ असेल तर गूगल वगैरे नंतर, आधी पोलीस स्टेशनला फोन, ११२.

९. एक मेसेज सोबत वाचू

असल्या मेसेजचा एक नमुना घेऊ, उन्हाळ्यात येणारा :

"अति महत्त्वाचे!! वाढत्या तापमानामुळे जळगाव जिल्ह्यात उद्यापासून कलम १४४ लागू. दुपारी ११ ते ५ घराबाहेर दिसल्यास कारवाई. तापमान ४९ च्या वर जाणार, हवामान खात्याचा इशारा. सर्व ग्रुपवर पाठवा. – जिल्हा प्रशासन"

जात कोणती? सरकारी आदेश असल्याचं सांगतोय. मग काठ बघू. आदेश क्रमांक नाही, तारीख नाही, "उद्यापासून" आहे. सही "जिल्हा प्रशासन", पण आदेश काढतो तो जिल्हादंडाधिकारी, पदनामासह. प्रशासन "सर्व ग्रुपवर पाठवा" असं म्हणतं का कधी? कलम १४४ तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं, १ जुलै २०२४ पासून ती संहिताच गेली, आता त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आहे. म्हणजे मेसेज एकतर जुना आहे किंवा लिहिणाऱ्याला कायदा माहिती नाही.

आकडा. हवामान खातं इशारा रंगात देतं, पिवळा, नारंगी, लाल, आणि सपाट भागात उष्णतेची लाट ठरायला कमाल तापमान किमान ४० आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त, किंवा थेट ४५ वा त्याच्या वर असे निकष आहेत. मेसेजमधे रंग नाही, कोणत्या केंद्राचा अंदाज ते नाही, नुसता घाबरवणारा ४९. भुसावळला ऊन काय असतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको, पण म्हणून वाट्टेल तो आकडा खपवून घ्यायचा का.

आता गंमत बघा. मे २०२४ च्या उष्णतेच्या लाटेत अकोल्यात खरंच १४४ लागू झालं होतं, त्याच्या बातम्या सगळीकडे आल्या. म्हणजे असा मेसेज हवेतून जन्मत नाही, एका जागी, एका वर्षी घडलेल्या गोष्टीचं गाव बदललेलं असतं आणि तारीख उडवलेली असते. धादांत खोट्यापेक्षा हे जास्त चिवट, कारण कोणीतरी ग्रुपवर म्हणतंच, "नाही भो, मी वाचलं होतं पेपरात." वाचलेलं असतंच त्याने.

शेवटची पायरी, सांगायचं कसं. मेसेज टाकणारे बहुतेक वेळा घरातले आप्पा, जिभाऊ, मामा असतात आणि त्यांनी काळजीपोटीच टाकलेला असतो. ग्रुपवर चारचौघांत "फेक आहे" लिहिलं की ते दुखावतात आणि पुढच्या वेळी हट्टाने टाकतात. पर्सनलवर लिहा, छोटं लिहा, आणि डिलीट करायची सोय त्यांच्याच हातात ठेवा. मी साधारण असं लिहितो : "जिभाऊ, १४४ वाला मेसेज बघितला. जिल्ह्याच्या साइटवर आज असा आदेश नाही, आणि ते कलम आता १६३ झालंय, तो २०२४ चा अकोल्याचा दिसतोय. तुम्ही काढून टाकला तर बरं होईल, बाकीचे तुमचं ऐकतात. दुपारचं बाहेर मात्र खरंच जाऊ नका, आजचा इशारा नारंगी आहे, खाली लिंक देतो."